जहाजे मोठी, बंदरे थोडी

तासगाव, पलूस किंवा मिरज तालुक्यातील द्राक्षबागायतदाराने समुद्र पाहिलेला असेलच असे नाही. परंतु समुद्रावर जे घडते त्याची किंमत मात्र त्याला मोजावी लागते. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचे आणि सुमारे २० हजार कंटेनर वाहून नेणारे जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले व सहा दिवस तो मार्ग बंद पडला. युरोपकडे निघणाऱ्या द्राक्षांचा तो ऐन हंगाम होता. पुढे नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, बड्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेण्यास आरंभ केला आणि २०२४ च्या हंगामात युरोपचा प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. भाडेही वाढले. नाशवंत फळाच्या बाबतीत हे दिवस फळाच्या आयुष्यातून वजा होतात. ऑक्टोबरची फळछाटणी करताना, औषधांच्या फवारण्यांचा खर्च करताना, सोसायटीचे कर्ज उचलताना या गोष्टीचा अंदाज बागायतदाराला कोणी दिला नव्हता. आणि दिला असता तरी त्याच्या हाती काही नव्हते.

कालवा अडणे किंवा युद्ध पेटणे हे अपघात आहेत, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. परंतु या अपघातांनी उघडी पाडलेली व्यवस्था अपघाताने निर्माण झालेली नाही. जगाचा व्यापार थोड्या कंपन्यांच्या, थोड्या प्रचंड जहाजांतून, थोड्या बंदरांमार्गे चालावा, अशी तिची रचना गेल्या अर्धशतकात हेतुपुरस्सर करण्यात आली आहे. सातारा-सांगलीसारख्या घाटमाथ्यावरील जिल्ह्यांनी या रचनेचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

एप्रिल १९५६ मध्ये 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले तेव्हा त्यावर ५८ लोखंडी कंटेनर होते. कंटेनर युगाचा आरंभ म्हणून ही घटना सांगितली जाते. २००६ मध्ये 'एमा मर्स्क' हे अवाढव्य जहाज पाण्यात उतरले तेव्हा याहून मोठे जहाज होणे नाही असे अनेकांना वाटले. २०१३ मध्ये १८ हजारांचा पल्ला गाठला गेला, आणि जून २०२५ मध्ये केरळमधील विळिंजम बंदराला लागलेल्या 'एमएससी इरिना' या जहाजाची क्षमता वीस फुटी कंटेनरांच्या मापात २४ हजारांच्या वर आहे.

या वाढीमागील गणित सरळ आहे. जहाज दुप्पट मोठे झाले म्हणून खलाशी दुप्पट लागत नाहीत. वीस-पंचवीस माणसांवर हे तरंगते नगर चालते. इंधनही त्या प्रमाणात वाढत नाही. दर कंटेनरमागील खर्च कमी होतो. परंतु असे जहाज उभे राहिले की त्याची कमाई थांबते. म्हणून त्याने मोजक्याच बंदरांना लागावे, तेथे एका दमात हजारो कंटेनर उतरवावे-चढवावे आणि निघून जावे, हेच मालकाच्या सोयीचे असते. शिवाय पूर्ण भरलेल्या अशा जहाजाला सोळा मीटर किंवा त्याहून अधिक खोल पाणी लागते. ज्या बंदरात ते नाही ते बंदर मुख्य मार्गातून बाद होते आणि त्याच्याकडे लहान 'फीडर' जहाजे माल आणून सोडतात, किंवा तीही येत नाहीत. जहाजे जसजशी मोठी होतात तसतशी त्यांना थेट लावून घेणारी बंदरे कमी होतात. भारताचा जो माल वाटेत एका जहाजातून दुसऱ्यात चढवावा लागतो, त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश माल वर्षानुवर्षे कोलंबो, सिंगापूर आणि पोर्ट क्लांग या परदेशी बंदरांत हाताळला जात आला आहे.

मुख्य मार्गावर नवे मोठे जहाज आले की तेथील जुने जहाज दुय्यम मार्गावर जाते आणि दुय्यम मार्गावरील त्याहून जुने जहाज आणखी खालच्या मार्गावर. मे २०२५ मध्ये विळिंजमहून कोचीला निघालेले 'एमएससी एल्सा ३' हे जहाज ६४० कंटेनरांसह केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. ते १९९७ साली बांधलेले होते. त्यातील प्लॅस्टिकचे दाणे किनाऱ्यावर पसरले आणि हाल झाले ते मच्छीमारांचे. नवे यान श्रीमंत मार्गाला आणि जुने यान गरीब किनाऱ्याला, ही या व्यवस्थेतील वाटणी आहे.

सातारा-सांगलीचा समुद्राशी संबंध पूर्वी असा दूरस्थ नव्हता. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि चिपळूणपासून वाशिष्ठीच्या खाडीने दाभोळमार्गे मुंबई, हा देशावरील मालाचा शतकानुशतकांचा मार्ग होता. बैलांचे तांडे घाट उतरत, गलबते खाडीत उभी असत. कोल्हापूर भागाचा असाच संबंध राजापूरशी होता. ही बंदरे लहान होती. परंतु ती अनेक होती, आणि एक बंद पडले तरी दुसरे चालू राहत असे. पुणे-मिरज लोहमार्ग झाला आणि माल उत्तरेकडे वळला. खाड्या गाळाने भरल्या, त्यांतील गाळ काढण्यास कोणत्याही सरकारला वेळ झाला नाही. या बंदरांचा ऱ्हास कंटेनरने घडवला असे म्हणणे असत्य होईल. परंतु त्यांच्या पुनरुज्जीवनाची जी शक्यता उरली होती ती कंटेनरच्या अर्थकारणाने झाकोळून टाकली. आज सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, आटपाडीचे डाळिंब, साताऱ्याचे आले यांपैकी जे काही समुद्रमार्गे परदेशी जाते, ते बहुतांशी साडेतीनशे किलोमीटरांवरील न्हावाशेव्याला ट्रकवर लादून न्यावे लागते. कराडपासून चिपळूण मात्र शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे.

या जिल्ह्यांचे दुसरे नाते मुंबईच्या गोदीशी होते, आणि ते घामाचे होते. पाटण, जावळी, माण, खटाव, जत या भागांतील जिरायती शेतकऱ्यांची मुले मुंबईला गेली ती गिरणीत, गोदीत आणि बाजारपेठांत. पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखाली गोदी कामगारांची जी झुंजार संघटना उभी राहिली आणि पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर ओझे वाहणाऱ्यांची जी चळवळ बांधली, त्यांच्यामागे घाटावरील आणि कोकणातील हीच माणसे होती. १९४८ चा गोदी कामगार नियमन कायदा आणि १९६९ चा माथाडी कायदा ही या लढ्यांची फळे. रोज सकाळी मुकादमाच्या मर्जीने उभे राहणारा माणूस त्यामुळे नोंदलेला कामगार झाला. त्याला भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि हक्काचा पगार मिळाला. त्या पगारातून गावाकडे मनिऑर्डर जाई, विहीर खोदली जाई, धाकट्या भावाचे शिक्षण होई.

सुटा माल पोत्यांनी आणि खोक्यांनी उतरवला जाई तेव्हा एका जहाजाला आठवडेच्या आठवडे लागत आणि शेकडो हात राबत. तेच काम कंटेनरने क्रेनवरील थोड्या माणसांवर आणि एका दिवसावर आणले. यंत्राने पाठीवरचे ओझे उतरवले याचे दुःख कोणीही समाजवादी करणार नाही. प्रश्न आहे तो वाचलेल्या श्रमाची कमाई कोणाला मिळाली, हा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी १९६० साली मालकांशी करार करून यांत्रिकीकरणाच्या मोबदल्यात कामगारांसाठी निधी मिळवला; वृद्धांना निवृत्ती आणि उरलेल्यांना वेतनाची हमी मिळाली. मुंबईत नोंदलेल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा मिळाल्या, हे खरे. पण त्यांच्या मुलांसाठी ते कामच उरले नाही. कंटेनर भरण्या-उतरवण्याचे जे काम शिल्लक राहिले ते बंदराबाहेरील खाजगी कंटेनर स्थानकांत ठेकेदाराच्या हाती गेले. गोदीत बापाने मिळवलेली नोंदणी त्या स्थानकात मुलाला मिळत नाही.

मुंबई बंदराचा भार हलका करण्यासाठी न्हावाशेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आपल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी लढा दिला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. अशा किमतीने उभे राहिलेले हे बंदर सार्वजनिक मालकीचे होते. १९९९ मध्ये तेथे पहिले खाजगी टर्मिनल सुरू झाले, नंतर दुसरे, तिसरे आले, आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेले कंटेनर टर्मिनलही खाजगी कंपनीच्या स्वाधीन केले. आता सार्वजनिक संस्था जमिनीची मालक आणि खोल पाण्याची पुरवठादार आहे. क्रेन फिरवून दर घेणारे दुसरेच आहेत. २०२४-२५ मध्ये या बंदराने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. आकडा अभिमानाचा आहे. मात्र तो कोणाच्या जमाखर्चात जमा होतो हे विचारण्याचा हक्क उरणच्या भूमिपुत्रालाही आहे आणि पाटणच्या गोदी कामगारालाही.

जहाज मोठे करण्याचा निर्णय कंपनी आपल्या कचेरीत घेते. त्यासाठी समुद्राचा तळ खोदण्याचा, धक्के लांबवण्याचा, उंच क्रेन आणण्याचा आणि महामार्ग रुंदावण्याचा खर्च प्रामुख्याने सार्वजनिक तिजोरीतून होतो. जहाज एकदम हजारो कंटेनर उतरवून गेले की दोन दिवस बंदराबाहेर ट्रकांच्या रांगा लागतात आणि नंतर तेच आवार ओस पडते; पण बांधकाम मात्र त्या दोन दिवसांच्या गर्दीच्या मापाने करावे लागते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने आपल्या अहवालात हेच दाखवून दिले: जहाजाचा आकार वाढवत नेल्याने होणारी बचत उत्तरोत्तर घटत जाते, आणि बंदरे व भूमार्ग यांवरील खर्च मात्र वाढत राहतो.

ही शर्यत धावणाऱ्या बंदरांचे काय होते याची उदाहरणे जवळच आहेत. मुंबई बंदरात खोल पाण्यातील कंटेनर टर्मिनलचा करार २००७ मध्ये झाला. धक्के बांधून झाले, पण अपेक्षित कंटेनर तेथे आले नाहीत. धक्क्यांवरून मोटारगाड्या आणि पोलाद यांची ने-आण करण्याची वेळ आली. कोचीजवळ वल्लारपदम येथे २०११ मध्ये कोलंबोशी स्पर्धा करण्याच्या उद्देशाने मोठे टर्मिनल सुरू झाले. कोलंबो आपल्या जागी राहिले. आता डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६ हजार २२० कोटी रुपये खर्चाच्या महाबंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. समुद्रात भर घालून चौदाशे हेक्टरांहून अधिक भूमी निर्माण करावयाची आहे. तेथील मच्छीमार आणि आदिवासी यांचा या प्रकल्पाला जुना विरोध आहे. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने हा बेत नाकारला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अनुमती दिली. वाढवण पूर्ण होईल तेव्हा चोवीस हजार कंटेनरांचे जहाज महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागेल. परंतु सांगलीच्या शेतकऱ्याला ते न्हावाशेव्याहूनही दूर, मुंबईच्या उत्तरेस असेल. जहाज जवळ आले आणि बंदर लांब गेले, अशी त्याची अवस्था होईल.

या साऱ्याचा भार अखेर कोठे पडतो हे समजण्यासाठी एका शीतकंटेनरचा प्रवास पाहावा. पॅकहाऊसमध्ये प्रतवारी होऊन द्राक्षे कंटेनरमध्ये भरली जातात आणि ट्रक निघतो. बंदरात माल स्वीकारण्याची अखेरची वेळ ठरलेली असते. जहाजे लहान आणि अनेक होती तेव्हा एक चुकले तर दोन-तीन दिवसांत दुसरे मिळण्याची शक्यता असे. जहाजे मोठी झाली की त्यांच्या फेऱ्या विरळ होतात, आणि पुरेसा माल नाही म्हणून कंपनीने एखादी फेरी रद्द केली तर आठवड्याचा खाडा पडतो. तोवर कंटेनर विजेवर चालू ठेवण्याचे शुल्क निर्यातदाराला भरावे लागते. निर्यातदार ते परदेशी खरेदीदाराकडून वसूल करू शकत नाही, कारण तेथील बाजारात चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेचा माल उभा आहे. मग तो पुढच्या तोडणीला बांधावरचा भाव पाडतो. बागायतदाराला पाडण्यासाठी कोणी उरत नाही. फार तर तो मणी विरळणी करणाऱ्या बायांची मजुरी अडवतो. समुद्रावरील कंपनीपासून जतच्या मजूर बाईपर्यंत ही साखळी सलग आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. मोठ्या जहाजांमुळे वाहतूक स्वस्त झाली म्हणूनच सांगलीची द्राक्षे रॉटरडॅमला पोचू शकली, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. कंटेनर नसता तर ही निर्यात या प्रमाणात झाली नसती, आणि लहान गलबतांच्या काळाकडे परत जा असे शेतकऱ्याला सांगणे ही क्रूर चेष्टा ठरेल. तथापि स्वस्ताई आणि मक्तेदारी या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आल्या आहेत. जगातील कंटेनर वाहतुकीची चार-पंचमांशाहून अधिक क्षमता आज दहा कंपन्यांच्या हाती आहे आणि त्यांतील बहुतेक आपसात संघ करून जहाजे व फेऱ्या वाटून घेतात. मालाची मागणी घटली की त्या फेऱ्या घटवतात. मागणी वाढली की भाडे कोठवर जाते हे २०२१ मध्ये जगाने पाहिले. युरोपीय संघाने या कंपन्यांना स्पर्धा कायद्यातून दिलेली विशेष सूट एप्रिल २०२४ मध्ये संपू दिली. भारताने मात्र २०१८ मध्ये आपल्याच दोन बंदरांमधील कंटेनर वाहतूक परदेशी जहाजांना खुली केली आणि २०१९ मध्ये १९६१ पासून चालत आलेले सरकारी जहाजवाहतूक महामंडळ विकण्याचा निर्णय घेतला. ज्या देशाच्या सागरी व्यापारातील नव्वद टक्क्यांहून अधिक माल परदेशी जहाजांतून जातो, त्या देशाने हातातील उरलेसुरले वल्हेही टाकून द्यावे, हे धोरण अनाकलनीय आहे.

तेव्हा मागण्या कोणत्या कराव्यात? पहिली मागणी मार्गाची. कराड-चिपळूण लोहमार्ग कित्येक वर्षे कागदावर आहे. तो प्रत्यक्षात आला पाहिजे. त्याच्या टोकाला रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सार्वजनिक मालकीचा, लहान कंटेनर जहाजांपुरता धक्का हवा, आणि तेथून न्हावाशेव्यापर्यंत सरकारी महामंडळाची नियमित फीडर सेवा हवी. पावसाळ्यात कोकणचा समुद्र लहान जहाजांना अवघड, हे खरे. परंतु द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असा आहे आणि हळदीचे सौदेही उन्हाळ्यात भरात असतात. समुद्र शांत असतो तेव्हाच या जिल्ह्यांना त्याची गरज असते. माल दोनदा चढवण्या-उतरवण्याचा खर्च आणि रिकामे कंटेनर परत आणण्याचा प्रश्न या योजनेत आहे. खत, सिमेंट, पशुखाद्य असा उलट दिशेचा माल बांधून घेतल्याशिवाय तो सुटणार नाही. म्हणूनच हे काम नफ्यासाठी आलेल्या कंपनीचे नसून नियोजनाचे आहे.

दुसरी मागणी संघटित सौद्याची. सांगली जिल्ह्यात रांजणी येथे कोरडे बंदर उभारण्याची घोषणा झाली होती. घोषणा आणि कंटेनर यांतील अंतर अद्याप कापले गेलेले नाही. असे केंद्र जेथे होईल तेथे ते द्राक्षबागायतदार, हळद व बेदाणा उत्पादक यांच्या सहकारी संघाच्या ताब्यात असावे आणि संपूर्ण हंगामाच्या कंटेनरांचे भाडे त्या संघाने एकत्रित ठरवावे. दहा कंपन्या एकत्र बसून फेऱ्या ठरवतात; दहा हजार बागायतदार मात्र एकेकटे भाव विचारत फिरतात. भाड्यावर बसवल्या जाणाऱ्या अधिभारांना सरकारी नियामकाची मान्यता आवश्यक करणे, ही याच मागणीची दुसरी बाजू.

तिसरी मागणी श्रमिकांची. माथाडी कायद्याचे संरक्षण प्रत्येक कंटेनर स्थानकात, शीतगृहात आणि पॅकहाऊसमध्ये काटेकोरपणे लागू झाले पाहिजे, आणि बंदरात हाताळल्या जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर अल्प उपकर बसवून त्यातून विस्थापित भूमिपुत्र, मच्छीमार व गोदी कामगारांच्या कुटुंबांसाठी निधी उभारला पाहिजे.

कृष्णाकाठच्या कार्यकर्त्याला बंदराचा प्रश्न आपला वाटत नाही, कारण तो कोकणचा किंवा मुंबईचा आहे अशी समजूत आहे. ही समजूत दूर करणे हे पहिले काम. उरणचा विस्थापित शेतकरी, वाढवणचा मच्छीमार, कंटेनर स्थानकातील बिननोंदीचा हमाल आणि तासगावचा कर्जबाजारी बागायतदार यांना एकमेकांची ओळख नाही, यावरच ही व्यवस्था निर्धास्त उभी आहे. येत्या फळछाटणीपूर्वी तासगावच्या बेदाणा सौद्यात, सांगलीच्या हळद पेठेत आणि कराडच्या बाजार समितीच्या आवारात भाड्याचा हिशेब जाहीरपणे मांडला जावा: कंटेनरमागे एकूण किती पैसे गेले, त्यांतील जहाज कंपनीला किती, टर्मिनलला किती, आणि बांधावर किती उरले. हा हिशेब एकदा लोकांच्या हाती आला की मागण्या कोणाला समजावून सांगाव्या लागणार नाहीत.